डावीकडचे उंदीर

"ताट उचल," शेहाता म्हणाला. "इंजेक्शनच्या आधी दोन तास अन् नंतर दोन तास पोट रिकामं पाहिजे."

"दिवसाला इंजेक्शनं तीन. मग जेवायचं कधी, झोपेत?"

"बयूमी, तुला काय कळतंय त्यातलं? डॉक्टरांनी उंदरांवर सिद्ध केलंय. छापून आलंय ते!"

शेहाता माझा धाकटा भाऊ. टांटा शहरातल्या गोदामात कापसाचे गठ्ठे उचलायचा. आजारातून उठला तो निम्मा होऊन. डॉक्टर वग्दींच्या दवाखान्यात त्याला कसलंसं कृत्रिम पेप्टाइड मिळतं. ते शरीरालाच वाढीचं हार्मोन बनवायला लावतं म्हणे. चार महिन्यांत मांस चढणार होतं, दोन महिन्यांत होतं तेही गेलं. भूक मात्र सपाटून लागते. मग हा पाणी पिऊन बसतो.

छापून आलेले ते उंदीर माझे. वग्दींच्या संशोधन केंद्रात मी एकोणतीस वर्षं पिंजरे धुतले. डावीकडच्या चोवीस उंदरांना पेप्टाइड, उजवीकडच्यांना नुसतं मिठाचं पाणी. डावीकडच्यांना सुईच्या जागी गाठी यायच्या, बिचारे कुशीवर पडून राहायचे. आमच्यात रोटी कचऱ्यात टाकत नाहीत. उरलेली जनावराला घालायची. साऱ्या केंद्राची उरलेली रोटी माझ्याकडे यायची, आणि मी ती कणव येऊन डावीकडेच घालायचो. वर माझ्या न्याहारीतली बाकल्याच्या दाण्यांची उसळ. उंदीर फुगले. डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली, आणि मी मूर्ख, खूश झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखाना गाठला आणि डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, माणूस हादरेल. तो सँडविच खात होता.

"ठाऊक आहे मला, अम्म बयूमी." केंद्रात सगळे मला असंच काका म्हणायचे. "तुम्ही रजेवर होतात तेव्हा पुन्हा करून पाहिलं. दोन्हीकडचे सारखेच राहिले."

"मग ते का नाही छापलंत?"

"काहीच झालं नाही, हे कोण छापतं हो?"

"शेहाताला तरी सांगा. उपाशी मरतोय तो."

"आशेवर आहे बिचारा. ती कशाला काढून घ्यायची?" त्याने उरलेला तुकडा आदराने ओठांना लावला, कागदात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. "एखाद्या मांजराला घाला. हराम नको व्हायला."

रोटीचा त्याला एवढा धाक, आणि माणसाचा काहीच नाही! आणि मी तरी कोण मोठा? तो तुकडा मी निमूट घेतला. बाहेर भिंतीवर चिमण्यांसाठी ठेवला आणि नळावर हात दोनदा धुतले.

दुपारी गरम रोट्या आणि उसळ घेऊन शेहाताकडे गेलो. गाठी, उरलेल्या रोट्या, दुसऱ्यांदा केलेला प्रयोग, सगळं सांगितलं. उसळीच्या वासाने त्याच्या घशाची घाटी वरखाली होत होती.

"म्हणजे ते रोटीनं वाढले," तो म्हणाला.

"रोटीनंच रे."

त्याने हात वर केला. मनगटावरचं घड्याळ घसरत कोपरापाशी गेलं होतं. ते त्याने फिरवून पाहिलं.

"अजून चाळीस मिनिटं आहेत," म्हणाला, आणि वाढलेल्या ताटावर दुसरं ताट पालथं घातलं.