लाभलेलं घर

आमचे हे लोकांना भाड्याने घरं मिळवून देतात आणि आम्हाला धड भाड्याचंही घर नाही. परदेशी गेलेले मालक यांच्याकडे किल्ली ठेवतात. गिऱ्हाईक मिळेपर्यंत त्या घरात आम्ही, फुकट. "बंद घरापेक्षा राहतं घर लवकर जातं," हे यांचं शास्त्र. सोळा वर्षांत एकोणीस घरं झाली. मांजरसुद्धा पिल्लांना सात घरं फिरवून थांबतं.

गिऱ्हाईक आलं की मी सोडून जाणारी भाडेकरीण. हसून म्हणायचं, "घर फार लाभलं हो आम्हाला. स्वतःचं घेतलं, म्हणून सोडतोय." हे परक्यासारखे बाजूला उभे राहून मला चक्क "वहिनी" म्हणतात. लाज कशाशी खातात, ते या माणसाला ठाऊक नाही.

या खेपेला मी एकच मागितलं होतं. लेकीची शाळेची शेवटची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती, तोवर इथून हलायचं नाही. "बघू," म्हणाले. यांचं बघू मी चांगलं ओळखते. चौथ्या दिवशी एका नर्सबाईंना घेऊन दारात हजर! बेल वाजली तशी लेक आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लोटून घेतलं.

मीही ठरवलं, हे गिऱ्हाईक पळवायचंच. कपाट सरकवून मागची ओल दाखवली. पाणी अर्धाच तास येतं, तेही करंगळीएवढं. वरचे लोक दिवसभर फर्निचर ओढतात. सगळं सांगून टाकलं. यांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला.

नर्सबाई मात्र खूश. "बारा घरं बघितली. खरं बोलणाऱ्या तुम्ही पहिल्याच. घर पक्कं. रविवारी येते राहायला."

लगेच यांना कंठ फुटला. "आमच्याकडे लपवाछपवी नाहीच, मॅडम. दलाली दोन महिन्यांचं भाडं." आणि हळूच माझ्या कानाशी, "पुढच्या वेळीही हेच सांग. चालतंय."

नर्सबाईंनी पर्स उघडता उघडता मला विचारलं, "ताई, तुम्ही यांना किती दिली होती दलाली?"

"सोळा वर्षं," मी म्हटलं. "नवरा आहे माझा. स्वतःचं घरबिर काही घेतलेलं नाही. आत लेक अभ्यासाला बसलीय, अडीच आठवड्यांवर तिची परीक्षा. तुम्ही आलात की आम्ही पुन्हा बोचकी घेऊन बाहेर."

त्यांनी पर्स बंद केली. यांच्याकडे चपलेला लागलेल्या घाणीकडे बघावं तसं बघितलं. "परीक्षा झाली की कळवा, ताई. यांनी नको, तुम्ही कळवा," म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

"तोंडाशी आलेला घास घालवलास!" हे ओरडले. "उद्या दुसरं गिऱ्हाईक आणतो."

"आणा की. त्यालाही हेच सांगेन."

आतलं दार उघडलं. बेल वाजल्याबरोबर लेकीने सगळी पुस्तकं दोरीने घट्ट बांधून ठेवली होती. गठ्ठा छातीशी धरून ती उभी होती.

"आई," ती म्हणाली, "सोडू का मग?"