पुढच्या पानावरचं उत्तर

मौलाना माझे मेहुणे, धाकट्या बहिणीचे पती. मदरशात शिकवता शिकवता ते गल्लीतल्या नळांसाठी भांडले आणि नगरपालिकेत निवडून आले. मग विधिमंडळात गेले, आणि पुढे अठरा वर्षं पक्षाचे अध्यक्ष राहिले. भाषण त्यांचं, आधार माझे. मदरशाच्या ग्रंथालयात मी एकटाच असे आणि तेच मला बरं वाटे. त्यांची चिठ्ठी यायची, ‘शेजाऱ्याच्या हक्काबद्दल काहीतरी दे.’ मी शोधून, उतरवून द्यायचो. त्यांनी ते कधी पडताळून पाहिलं नाही. भेटले की म्हणायचे, “काय वाळवी, आज कोणता ग्रंथ फस्त केलास?”

त्या वर्षी सरकारात सामील व्हायचं की नाही यावरून पक्षात दोन तट पडले. मौलानांना सामील व्हायचं होतं. “बाहेर बसून किती वर्षं घसा कोरडा करायचा?” ते म्हणत. “इथे आपल्या दोन शाळांना कुलूप लागलं.” पण अखेरचा शब्द पक्षाच्या उलेमा मंडळाचा, आणि त्या धर्मपंडितांपुढे ग्रंथाच्या आधाराशिवाय कुणाचंच काही चालत नाही. चिठ्ठी आली, ‘अन्यायी राजाकडून पद घ्यावं का? भक्कम आधार हवा.’

तीन दिवस शोधलं. अखेर एका जुन्या ग्रंथात, पानाच्या तळाशी वाक्य सापडलं: लोकांचं भलं होणार असेल तर पद घ्यावं. मला इतका आनंद झाला, की तिथल्या तिथे उतरवून, ग्रंथात खूण घालून मी तो पाठवून दिला.

या जुन्या ग्रंथकारांची एक रीत आहे. ते आधी विरुद्ध बाजूचं म्हणणं मांडतात, तेही इतक्या प्रामाणिकपणे की ते त्यांचंच वाटावं. आणि मग ‘याला आमचं उत्तर असं’ म्हणून खोडून काढतात. मदरशातल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे ठाऊक असतं. उत्तर पुढच्या पानावर होतं.

मंडळाच्या बैठकीत मी दाराशी, चपलांजवळ बसलो होतो. मौलानांनी वाक्य वाचलं. विरुद्ध गटाच्या म्हाताऱ्या काझींनी ग्रंथ मागून घेतला, चष्मा पुसला, पान उलटलं आणि उत्तर सावकाश वाचून दाखवलं. कुणीतरी हसलं.

“मौलाना,” काझी म्हणाले, “खुर्चीची इतकी घाई, की पान उलटायलाही सवड झाली नाही?”

मौलानांची नजर सभेवरून फिरली. माझ्यावर ती थांबली नाही, पुढे गेली. मला उठून एवढंच म्हणायचं होतं, की चूक माझी. चार माणसांत मी आयुष्यात तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशीही उघडलं नाही.

“चूक झाली,” मौलाना म्हणाले. “वाचणारा मी आहे.”

संध्याकाळपर्यंत अध्यक्षपद गेलं. खुर्चीसाठी ग्रंथ वाकवणारा माणूस, हीच त्यांची ओळख होऊन बसली.

दुसऱ्या दिवशी ते ग्रंथालयात आले आणि माझ्यासमोर बसले.

“पान उलटलं नव्हतंस?”

“नाही.”

“मीही नाही.” मग म्हणाले, “तुझ्या बहिणीला सांगू नकोस. ती तुझ्याशी बोलणं टाकेल.”

त्यानंतर चिठ्ठी आली नाही. मदरशात ते पुन्हा पहिल्या वर्षाला शिकवू लागले. चार वर्षांनी गेले. शाळा बंदच होत्या.

पक्षाने स्मरणपुस्तिका काढली. नवा अध्यक्ष त्यांचाच विद्यार्थी, मला मामा म्हणतो. त्याने माझ्याकडून एक पान लिहून घेतलं. मी नळांपासून सुरुवात केली. शेवटची ओळ लिहायला मला आठवडा लागला: ‘तो चुकीचा आधार त्यांना मी दिला होता.’

त्याने वाचलं आणि डोकं खाजवलं.

“मामा, ही ओळ काढू या. लोक म्हणतील, मौलाना आयुष्यभर दुसऱ्याच्याच डोक्याने बोलले.”

ओळ निघाली.

पुस्तिका आल्यावर बहिणीने माझं पान दोनदा वाचलं.

“छान लिहिलंस,” ती म्हणाली. “तुझ्याइतकं त्यांना कुणी जपलं नाही.”