चार नंबरच्या लेथजवळचा फळा

मी एक जुना पांढरा फळा आहे, मित्रांनो. सातपूरच्या एका कंपनीत, धातूचे सुटे भाग कातणाऱ्या चार नंबरच्या लेथ मशीनशेजारी टांगलेला. माझा एक कोपरा उडालाय, शाईचे डाग काही केल्या निघत नाहीत. तरी माझा तोरा कमी नाही, कारण माझ्यावर खोटं कधी लिहिलं गेलं नाही.

मशीन चालवणारे मल्हारीकाका दर तासाला हात पुसून येत आणि किती पीस रिजेक्ट झाले, म्हणजे मापात न बसल्याने बाद झाले, ते लिहीत. आठवडाभराचे रकाने भरले की कारकून ते उतरवून घेई. मग वर ऑफिसात मोठा स्क्रीन आला. त्यावर महिन्याची सरासरी रंगीत दिसू लागली आणि माझ्याकडे कुणी साहेब फिरकेना. मला वाईट वाटलं, कशाला लपवू?

थंडीत स्क्रीनवर चार नंबर लालभडक झाला. मालक धनराजसाहेब म्हणाले, हे मशीन भंगारात काढू. म्हणजे काकांची नोकरीही जाणार. सुपरवायझर गोरक्षने त्यांना हळूच सांगितलं, "मल्हारीभाऊ, सकाळचे आकडे पुसून टाका. लय वाईट दिसतंय."

"पुसल्यानं पीस चांगला व्हतो काय?" काका म्हणाले आणि पुढचा आकडा लिहायला लागले.

साहेबांनी आकडेवारी विभागातल्या चैतालीकडे शेवटचा अहवाल मागितला होता. ती स्क्रीन सोडून थेट माझ्यासमोर आली. रकान्यांवरून बोट फिरवत म्हणाली, "काका, रिजेक्ट सगळे सात ते आठमध्येच? नंतर एखादाच?"

"थंड मशीन माप धरत नाय, ताई. आधी वीस मिनिटं रिकामं चालवायचो. आता सुरू केल्याबरोबर पीस काढायचा हुकूम हाय."

हुकूम खुद्द साहेबांचा होता. चैतालीने तासातासाचे आकडे एका कागदावर मांडले आणि साहेबांना खाली घेऊन आली. "साहेब, सरासरीत हा एक तास बुडून गेला. मशीन काढायचं की हुकूम, ते तुम्ही ठरवा. त्याआधी आठ दिवस जुन्या पद्धतीने चालवून बघू."

आठ दिवसांत रोज सकाळचे अकरा रिजेक्ट दोनवर आले. साहेबांनी माझा पेन उचलला आणि स्वतःच्या हाताने लिहिलं: 'पहिली वीस मिनिटं मशीन रिकामं चालेल. आधीचा हुकूम माझा होता, तो चुकला.' खाली सही. माझी छाती फुगली, मित्रांनो. काकांनी ते दोनदा वाचलं आणि मशीनकडे वळून डोळे पुसले.

तुम्हीही मोठे होऊन काहीबाही ठरवाल. तेव्हा वाईट आकडा दिसला तर तो पुसू नका. तो ज्याने लिहिला, त्याला आधी जाऊन विचारा.