सामान डीमध्ये ठेवायचं

आमच्या सुमेधला न विचारता सुधारणा करायची भारी हौस. बंगळुरूहून वर्षातून दोनदा झांशीला येतो, आणि येतो तो हात शिवशिवतच येतो. पोटचा पोर आहे म्हणून काय झालं, बोलणारच मी.

घरच्या कम्प्युटरवरचं पिवळं फोल्डर दाबलं की थेट डी ड्राइव्ह उघडायचा. यांनी मुद्दाम तसं करून दिलं होतं. यांची सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेली, त्यामुळे समजावणंही तसलंच. "कमलिनी, सी म्हणजे इंजिन, डी म्हणजे डबा. इंजिन बिघडतं, बदलतात. आपलं सामान डब्यात ठेवायचं." मला तेवढं पुरे होतं. पिवळं दाबायचं, जे उघडेल त्यात ठेवायचं.

दिवाळीत सुमेधने ते बदलून सी ड्राइव्हवरच्या डॉक्युमेंट्समध्ये उघडेल असं केलं. हे मला फार नंतर कळलं. तेव्हा नुसतं म्हणाला, "आई, जरा नीट करून दिलंय." पुढच्या खेपेला दाबलं तर आत काही नाही. म्हटलं, पोराने आवराआवर केली असेल.

मग यांच्या घशाचं निघालं. डॉक्टर म्हणाले, आवाजाची पेटी काढावी लागेल. ऑपरेशनच्या आधी हे रोज अंगणात उन्हाला बसून फोनमध्ये बोलून ठेवायचे, सलोनीसाठी. सलोनी सुमेधची लेक. मराठी सगळं समजतं, बोलते मात्र हिंदी. तिच्यासाठी गोष्टी, रामरक्षा, मधूनच फलाटावरची घोषणा, नाकातून. "आजोबाचा आवाज राहू दे तिच्याकडे," म्हणायचे. मी ते फोनवरून कम्प्युटरवर उतरवायचे, पिवळं दाबून, आत 'सलोनी' नावाचं फोल्डर करून. फोन भरला की त्यातलं पुसून टाकायचे.

ऑपरेशन झालं, आवाज गेला. तेव्हापासून काही हवं असलं की हे स्टीलची वाटी चमच्याने वाजवतात.

होळीला सुमेध आला. कम्प्युटर रखडतो म्हणून नवीन विंडोज टाकायला बसला. "आई, सी पूर्ण पुसतोय. तुमचं सगळं डीमध्येच आहे ना?"

"हो रे बाबा, सगळं डीमध्येच." यांनी लावून दिलेली शिस्त, दुसरं काय सांगणार मी?

मी चहा टाकायला गेले. हे त्याच्या मागे खुर्चीत होते. त्याने सी एकदा उघडून बघितलं, तेव्हा यांना आतलं 'सलोनी' नावाचं फोल्डर दिसलं. यांनी वाटी वाजवली. जोरात, पुन्हा पुन्हा.

"हो बाबा, आ रही है चाय," सुमेध मान न वळवता म्हणाला. आणि मी मेलीनेही आतून ओरडून सांगितलं, "आले हो, उकळतोय!" हे धडपडत उठून त्याचा खांदा धरेपर्यंत त्याने बटण दाबलं होतं.

सीपरी बाजारातल्या दुकानात डिस्क नेली. "ऊपर से नया लिख गया, आंटीजी, पुराना अब नहीं निकलेगा," दुकानदार म्हणाला.

घरी येऊन आमचे चिरंजीव काय म्हणाले असतील? "बाबा, तुम्ही एकदा सांगायचं तरी ना!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कशाने सांगायचं रे? सांग ना, कशाने?" तो रडायला लागला. हे त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसले. यांना जमतं ते. मला नाही जमत, आणि जमवायचंही नाही.

जाताना त्याने पिवळं फोल्डर पुन्हा डीवर लावून दिलं. त्यात विजेची बिलं आहेत, त्याच्या मुंजीचे फोटो आहेत, सगळं जिथल्या तिथे आहे.

रविवारी सलोनीचा व्हिडिओ कॉल येतो. "आजोबा, कुछ बोलो ना!" हे वाटी वाजवतात. ती खदखदून हसते आणि म्हणते, "और बजाओ." तिला वाटतं, खेळ आहे.