रिकाम्या सभागृहातलं भाषण

संशोधकाने गारठलेला काळा धागा चिमट्यातून लोहचुंबकावर अलगद सोडला. धागा खाली पडलाच नाही. द्रव नायट्रोजनच्या पांढऱ्या वाफेत तो अधांतरी तरंगत राहिला, आणि वकीलबाई हातातला कागद विसरून बघत बसल्या.

"अकरा वर्षं लागली," तो म्हणाला. "सिरॅमिक म्हणजे कपबशीसारखं ठिसूळ. ते केसाएवढं बारीक ओढायचं, तेही न मोडता. वीज यातून जराही वाया न जाता धावते."

"पेटंट मिळेल हो, सर. फक्त ते भाषण आड येतंय."

अर्ज करण्याच्या दोन वर्षं आधी, उत्साहाच्या भरात, त्याने वाचनालयाच्या सभागृहात भाषण देऊन सगळी कृती सांगून टाकली होती. कृती आधीच जगजाहीर झाली, की पेटंटवर पाणी सोडायचं. नशीब एवढंच, की त्या संध्याकाळी सभागृहात चिटपाखरू नव्हतं. बायको सोडून.

"आणि ती गाढ झोपली होती," तो हसत म्हणाला.

"मग लढता येईल. घरचं माणूस, त्यातून काही कळलेलं नाही. काकू, एवढ्यावर सही करा."

शेजारी बसलेल्या बायकोने चष्मा लावला. 'मला त्यातले काहीही समजले नाही.' तिने ते दोनदा वाचलं. पेन टेकवलं, उचललं.

"अहो, मी झोपले होते असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"अगं, डोळे मिटलेले होते तुझे!"

"मिटल्याशिवाय धागा दिसत नव्हता मला." ती वाफेकडे बघत बोलू लागली. "आधी क्षारांचा पाक करायचा, मधासारखी तार सुटेपर्यंत. ती तार ओढून वाळवायची, भट्टीत भाजायची. खरी गंमत पुढे. घाईने थंड केला तर मेला कामातून जातो. प्राणवायूच्या झोतात, साडेचारशे अंशांवर, दिवसभर थोपवून धरायचा. त्याला श्वास घेऊ द्यायचा, असं म्हणाला होतात तुम्ही."

संशोधक चिमटा हातात धरून तसाच उभा होता. इतकी वर्षं जेवताना आपण भिंतीशी बोलतो, असं त्याला वाटत आलं होतं.

"काकू," वकीलबाई हळूच म्हणाल्या, "मी यातलं काही ऐकलं नाही. सही तेवढी करा."

"करते हो. यांच्या अकरा वर्षांपुढे माझं काय एवढं!"

तिने पेन पुन्हा टेकवलं. त्याने तिच्या हाताखालचा कागद ओढून घेतला.

"अहो, पण पेटंट?"

"जाऊ दे." त्याने खुर्ची तिच्याजवळ सरकवली. "साडेचारशेनंतर काय करायचं, ते सांग ना."