कापून आणलेलं हॅम

थँक्सगिव्हिंगच्या जेवणात काय काय करायचं ते ठरवायला माझ्या नणंदेचा, मॅक्सीनचा फोन आला.

"वहिनी, यंदा टर्की नको. हॅम आणू. कापलेलंच मिळतं."

"का गं? टर्कीच्या तंगडीसाठी तर तू दरवर्षी भांडतेस!"

"कोण खातंय ते कोरडं मांस!"

मग माझ्या लक्षात आलं. भाजलेली अख्खी टर्की सगळ्यांसमोर, टेबलापाशी उभं राहून कापायची असते. ते काम माझ्या नवऱ्याचं, वर्लिनचं. तो सप्टेंबरात गेला.

"बरं," मी म्हणाले. बटाटे, बीन्स, क्रॅनबेरीचा सॉस, सगळ्यालाच बरं म्हणाले.

"आणि दादाची खुर्ची?" तिने हळूच विचारलं.

"हॅमला दे. दादाचं काम आता तेच करतंय ना."