मळ्यातला काटेरी पट्टा

मी कुत्र्याच्या गळ्यातला काटेरी पट्टा बोलतोय. घुंगरांच्या, फितींच्या पट्ट्यांशी माझी गल्लत करू नका, मला राग येतो. जाड चामड्याचा माझा देह, त्यावर बोटाच्या पेराएवढे एकवीस लोखंडी काटे. अकोल्याच्या जुन्या शहरात एका लोहाराने मला ठोकून ठोकून घडवलं. माझा स्वभाव तिथूनच आला असावा.

मला करवून घेतलं वच्छलाबाईने. तिचं माहेर अकोल्याचं, सासर तिवस्याजवळच्या भाजीच्या मळ्यातलं. रांगत होती तेव्हापासून तिच्या घरात कुत्रं आहे. मळ्यात रानडुकरांनी उच्छाद मांडला, म्हणून तिने वाघ्या पाळला आणि त्याच्या गळ्यात मला बांधलं. "आता कोन तोंड लावते माह्या वाघ्याले, पायतेच मी," ती म्हणाली.

एका पहाटे सुळेवाला डुक्कर वांग्यांत घुसला. वाघ्याने झेप घेतली. डुकराने त्याच्या गळ्यावर तोंड घातलं आणि माझे चार काटे त्याच्या नाकाडात रुतले. रक्ताची चव मला आवडली, खोटं कशाला बोलू? पण दुसऱ्या हिसड्याला त्याने वाघ्याचं पोट उभं फाडलं. मी गळा राखला, पोटापर्यंत माझी धाव नव्हती. पोती शिवायच्या दाभणाने वच्छलाबाईने ते पोट शिवलं, कोपरापर्यंत रक्ताने माखून. वाघ्या दुपारी तिच्या मांडीवरच गेला.

माणसाची एक खोड आहे. हत्यार तो धुऊन ठेवतो, टाकून देत नाही. मलाही धुतलं आणि नव्या कुत्र्याच्या, भुऱ्याच्या गळ्यात बांधलं.

भुऱ्या माझ्या जोरावर माजला. शेजारच्या भगवंतचा बोकड बांधावर आला, तर याने त्याची मान मोडली. भगवंत कुऱ्हाड घेऊन धावत आला. उलट्या कुऱ्हाडीचे दोनच घाव, भुऱ्याची कवटी फुटली. वच्छलाबाईचे मालक नत्थुजी भगवंतच्या अंगावर गेले, तर हिने त्यांचा हात धरला.

"त्याले काहून मारता? कुत्रं माहं होतं. काटे मीच बांधले."

त्या दिवशी मला पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली. तिने मला गोठ्यातल्या खुंटीवर टांगलं.

मग अकोल्याहून भावाकडची चिंगी आली. पांढरी पामेरियन, एवढीशी. "हे ना कोनाले मारनार, ना कोनी इले मारनार," वच्छलाबाई म्हणाली. गाव हसलं. वाघ गेला आणि ससा आला म्हणे! मीही हसलो. चिंगी माझ्यातून आरपार निघून गेली असती.

चिंगीला चार पिल्लं झाली. वच्छलाबाई भाजीच्या तागडीत त्यांना रोज तोलायची. ज्याचं वजन घटलं, त्याला मागच्या थानाला लावायची, तिथे दूध जास्त. ओठ मुडपून ती तागडीच्या काट्याकडे बघत बसे.

नवव्या दिवशी भर दुपारी नत्थुजी बाजारात होते. पाच मोकाट कुत्री गोठ्यात शिरली. चिंगी त्यांच्या अंगावर गेली, तिचा अर्धा कान एकाने तोडला. दोन पिल्लं दोन चाव्यांत संपली. वच्छलाबाई धावत आली. काठी सापडेना, म्हणून हात खुंटीकडे गेला. मला तिने उजव्या मुठीभोवती गुंडाळलं.

पहिल्या ठोशात एकाचा डोळा गेला. दुसऱ्याने तिचा डावा हात धरला. तिने तो सोडवला नाही, त्याच्या जबड्यातच राहू दिला आणि उजव्या मुठीने त्याचं तोंड फोडत राहिली. माझे दोन काटे त्याच्या जबड्यात तुटले. माझं बक्कल तिच्याच तळहातात रुतत होतं, तरी मूठ सुटली नाही. शेवटी कुत्री केकाटत पळाली.

उरलेली दोन पिल्लं पदरात घेऊन ती खाली बसली आणि हंबरडा फोडून रडली. "लहान म्हनून कोनी सोडत नाई व, चिंगे."

त्या दोन पिल्लांपासून तिचा पिल्लं विकण्याचा धंदा उभा राहिला. आज गोठ्याला जाळी आहे, आत सहा पामेरियन आहेत. व्यालेल्या कुत्रीला ती वर्षभर विसावा देते. पिल्लू मागायला येईल त्याला आधी विचारते, "दुपारी घरी कोन रायते?" उत्तर पटलं नाही, तर चहा पाजून वाटेला लावते.

मी मात्र खुंटीवर वाळतोय. चामडं तडकलंय, काटे एकोणीस उरलेत. माझं एकच मागणं आहे, मला पुन्हा कुण्या मुक्या गळ्यात बांधू नका.

गेल्या आठवड्यात अमरावतीचा एक हौशी तरुण आला. उत्तरं त्याने चोख दिली. पिल्लू कुशीत घेतलं आणि त्याची नजर माझ्यावर पडली. "काकू, हा पट्टाही द्या ना. याच्या गळ्यात घालून फोटो काढतो, भारी दिसेल."

वच्छलाबाईने चाव्याचे व्रण असलेला डावा हात पुढे करून पिल्लू त्याच्याकडून काढून घेतलं.

"कुत्र्याचा नाई तो, बापू," ती म्हणाली. "माहा हाय."